उघड जळणारी डिलेश्वरी

डिलेश्वरी रहांगडाले मला पहिल्यांदा भेटली तेव्हा तिनं माझं नाव विचारलं नाही. मी नववीला तिच्या शाळेत नवीनच आले होते, आणि नवेगाव बांधच्या तलावाच्या पाळीवर सकाळची प्रॅक्टिस चालली होती. ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली, कमरेवर हात ठेवले, माझ्या पायांकडे खालून वर असं एकदा पाहिलं आणि म्हणाली, "तुहे पाय माह्यापेक्षा लांब आहेत वं. माहा जीव जरून राहिला."

आमच्या झाडीपट्टीत बोलताना ळ चा र होतो. डोळ्याला डोरा म्हणतात, काळ्याला कारा. म्हणजे तिचा जीव जळत होता. हे तिनं मला सर्दी झाल्यासारखं सांगितलं. वर मुदतही सांगितली. "चार दिवस जरीन. मंग होते बराबर."

मी घाबरून उके सरांकडे पाहिलं. उके सर आमचे शाळेतले पीटीचे सर. ते शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत म्हणाले, "डिली आहे ते. पळ तू."

पाचव्या दिवशी ती स्वतःच आली. "संपली वं तुहीवाली जरन," म्हणाली. "चाल, पळू." आणि आम्ही पळायला लागलो. त्या दिवसापासून दहावीच्या दिवाळीपर्यंत आम्ही रोज सकाळी एकमेकींच्या खांद्याला खांदा लावून पळालो. पंधराशे मीटर हा आम्हा दोघींचाही प्रकार होता, आणि सगळी भानगड तिथंच होती.

जळत कोण नाही? पण आपण ते दार लावून करतो. वरून "वा वा, छान हं" म्हणतो आणि आत धुमसतो. डिलीला हे दोन मजली काम जमायचंच नाही. तिला "छान" हा शब्दच येत नसावा. एखादी गोष्ट आवडली की तिचा जीव जळायचा, आणि जळाला की ती त्या माणसाला जाऊन सांगायची. माणूसच पाहिजे असंही नाही. तलावात पाणकावळा बुडी मारायचा. डिली पाळीवर थांबून स्वतःचा श्वास रोखायची. तो वर यायला वेळ लावायचा आणि हिचे डोळे बाहेर यायचे. शेवटी फुस्स करून म्हणायची, "पाह्य ना, एवढ्याशा छातीत किती हवा भरते तो." पाखरावर दोन दिवस.

आमच्या वर्गातली टेकेश्वरी सायकलवरून पडली. हाताला प्लास्टर लागलं आणि सगळ्या वर्गानं त्यावर नावं लिहिली. डिलीनंही लिहिलं, आणि लिहिता लिहिता सांगितलं, "माह्या हाताले काऊन नाई झालं हे? तीन आठवडे जरीन मी." दुसऱ्या दिवशी टेकेश्वरीची आई शाळेत हजर. "हे पोट्टी माह्या लेकीले नजर लावते!" उके सरांनी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि म्हणाले, "नजर लावणारे असे दवंडी पिटून येतात का जी?" बाई विचारात पडली आणि घरी गेली.

गावातल्या बायकांनी मात्र तिचा बरोबर उपयोग करून घेतला. लग्नाचा बस्ता आणला की डिलीला हाक मारायच्या. ती साड्यांवरून हात फिरवायची. "या हिरवीवर आठ दिवस," म्हणायची, की बाई खूश. एखाद्या साडीवर ती नुसतंच "मले नाई जरत" म्हणाली की ती साडी गुपचूप दुकानात परत जायची.

मुलींना ते जमलं नाही. त्या तिला जळकुकडी म्हणायच्या. तिला पाहिलं की नवा पेन दप्तरात जायचा, केसातली क्लिप मुठीत जायची, डब्यावर झाकण पडायचं. मधल्या सुट्टीत डिली शाळेच्या हातपंपाजवळ एकटीच बसून जेवायची. मला तेव्हा वाटायचं, तिला तिथली सावली आवडते.

आता माझंही सांगितलं पाहिजे. डिली पोवारांची. तिची आजी त्यांचे पूर्वज माळव्यातून आल्याचं असं सांगायची, की जणू परवाच बैलगाडीतून उतरले. घरी चार थोरल्या बहिणी, धानाची मोठी शेती, ट्रॅक्टर, दारात दुभत्या म्हशी. त्यांच्याच शेतातल्या सहा बांध्या माझे बाबा ठेक्यानं करायचे. बांधी म्हणजे धानाचं बांध घातलेलं वावर. तिच्या घरचा भात तिच्या ताटात आणि माझ्याही ताटात तोच. पण माझ्या ताटात तो आमच्या घामातून आलेला असायचा. एवढं सांगितलं म्हणजे पुढचं कळायला सोपं जाईल.

तिच्याकडे खिळ्यांचे बूट होते, जांभळे. बाबूजींनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, नागपूरहून आणलेले. मी अनवाणी पळायची. तिचे बाबूजी पाळीवर मोबाइल धरून तिचा वेळ मोजायचे. माझे बाबा त्या वेळी त्यांच्याच बांधीत असायचे. ती माझ्या पुढं गेली की मी धापा टाकत म्हणायची, "छान पळालीस गं." अगदी पुस्तकातल्यासारखं. आणि घरी जाऊन चुलीपुढं बसले की त्या जांभळ्या बुटांचे खिळे एकेक करून उपटत बसायची, मनातल्या मनात.

तिला याचा पत्ताच नव्हता. उलट तिनंच एक दिवस बूट काढून फेकले. "तुह्या टाचा पाह्य, कशा दगडावानी आहेत. अन् मले या बुटानं नाजूक करून टाकलं. माहा जीव जरून राहिला." तीन दिवस ती माझ्यासारखी अनवाणी पळाली. चौथ्या दिवशी दोन्ही पायांना फोड. आठवडाभर ती कोंबडीसारखी एकेक पाय उचलत शाळेत आली, आणि प्रत्येक वेळी माझ्या टाचांकडे पाहून सुस्कारा टाकत होती. माझ्या त्या भेगाळलेल्या टाचा शाळेत कुणाला दिसू नयेत म्हणून मी पाय बाकाखाली ओढून बसायची.

महाशिवरात्रीला आम्ही प्रतापगडच्या यात्रेला गेलो. तिथं महादेवही आहे आणि दर्गाही आहे, आणि आमच्याकडची माणसं दोन्हीकडे डोकं टेकवतात. मीही टेकवलं. दोन्हीकडे एकच मागितलं. डिलीचा पाय मुरगळू दे. फार नको, उके सरांच्या पुढच्या चाचणीपुरता. हे मी तिला आजवर सांगितलेलं नाही. हे वाचून कळलं तर कळलं.

उतरताना एका गुळगुळीत दगडावरून माझाच पाय घसरला. घोटा असा सुजला की बोट लावू देईना. माझी आई गर्दीत मागं राहिली होती. डिलीनं काही न विचारता मला पाठीवर घेतलं आणि "सरका, सरका, पोट्टीचा पाय गेला" असं ओरडत गड उतरायला लागली.

अर्ध्यात तिनं विचारलं, "काय मागितलं होतं वं वरती?"

"सगळ्यांचं चांगलं होऊ दे म्हणून," मी म्हणाले.

 तिचा आवाज एकदम बारीक आला. "मी त तुह्या टाचा मागितल्या होत्या."

तिनं मला पाठीवर जरा वर सरकवलं.

"माह्यानं झालं का वं हे?"

तेव्हा तरी मी खरं सांगायला हवं होतं. पण तिच्या पाठीवर बसून मला एक विचित्र सुख होत होतं. मी म्हणाले, "काय माहीत."

तिनं मला खाली बसस्टॉपवर बसवलं, पाण्याची बाटली हातात दिली आणि पुन्हा गड चढायला लागली. मागितलेलं परत घ्यायला. दोन्हीकडे. आमची बस निघून गेली, आईनं दोघींनाही शिव्या घातल्या. डिली खाली आली तेव्हा तिच्या तोंडाला फेस आला होता. "सांगून आली," म्हणाली. "नाई पायजे म्हटलं टाचा. जिच्या आहेत तिलेच राहू द्या." पुढं दहा दिवस ती मोहाच्या बियांचं तेल घेऊन आमच्या घरी यायची आणि माझा घोटा चोळायची. चोळता चोळता घोट्याला बांधायच्या पट्टीवर तिचा जीव जळायचा, ते वेगळं.

पावसाळ्यात रोवणीचे दिवस आले. प्रॅक्टिस बंद, सगळे चिखलात. मी आणि आई बाबूजींच्या बांधीत धान रोवत होतो. एका सकाळी डिली सलवार गुडघ्यापर्यंत खोचून बांधावर उभी. "तुह्या मांड्या या चिखलानं मजबूत झाल्या. मले समजलं आता. सरका." आणि उतरली ना बांधीत! रोप कसं धरायचं ते ठाऊक नाही, ओळ वाकडी, पण कमरेत वाकून ती बायकांच्या रांगेत शिरली.

थोड्या वेळानं बाबूजी मोटारसायकलवरून आले. मालकाची लेक ठेक्यानं बांधी करणाऱ्याच्या लेकीशेजारी गुडघाभर चिखलात. ते बांधावरूनच ओरडले, "डिली! बाहेर निघ!"

तिनं मान वर न करता उत्तर दिलं, "थांबा ना बाबूजी, माह्या मांड्या होऊन राहिल्या!"

सगळी बांधी हसली. बाबूजींनी हसू मिशीत दाबलं आणि गाडी वळवली. माझे बाबा तेवढे हसले नाहीत. ती गेल्यावर त्यांनी तिची वाकडी ओळ उपटली आणि पुन्हा नीट रोवली. त्या दिवशी मला तिचा जेवढा राग आला तेवढा कधीच आला नव्हता. जे आमचं रोजचं जगणं होतं, तो तिचा व्यायाम होता. आणि त्यातही तिला आमचा हेवा वाटत होता! हेवा करायचा हक्क तरी निदान आमच्याकडे राहू द्यायचा.

दहावीत गोंदियाला जिल्ह्याच्या स्पर्धा झाल्या. डिली पहिली, मी दोन पावलांनी दुसरी. बक्षीस देणाऱ्या पाहुण्यांनी माझ्या पायांकडे पाहून विचारलं, "बेटा, जूते कहाँ हैं?" मी हसले. फोटो निघाला. त्या फोटोत मी इतकी हसते आहे की नंतर संध्याकाळभर माझे जबडे दुखत होते. डिली फोटोत माझ्याकडे बघते आहे. तिचा जीव माझ्या अनवाणीपणावर पुन्हा जळायला लागला होता, कारण पाहुण्यांनी बूट घातलेल्या कुणालाच काही विचारलं नव्हतं.

आम्ही दोघी विभागीय स्पर्धेला निवडल्या गेलो. नागपूरला. साकोलीच्या पुढं बसमध्ये उके सर आमच्या सीटपाशी आले आणि दांडी धरून म्हणाले, "पोरींनो, सरकारी क्रीडा वसतिगृहाची माणसं पाहायला येऊन राहिली आहेत. राहणं, खाणं, शिक्षण, रोजचा कोच. पंधराशे मीटरमधून एकच पोरगी घेणार आहेत."

डिली खिडकीबाहेर बघत होती. तिनं माझ्या मांडीवर थाप मारली. "आपल्यातली एक गेली त दुसरी जरून मरन वं," म्हणाली आणि खदखदून हसली. मीही हसले. माझ्या मनात आलं, तू गेली काय, राहिली काय. घरी बसली तरी तुझ्या ताटात भात आहे.

नागपूरच्या मैदानावर पोचलो. लाल रबरी ट्रॅक आम्ही आयुष्यात पहिल्यांदा पाहत होतो. डिली गुडघ्यावर बसली, अंगठ्यानं ट्रॅक दाबून पाहिला. "हे त गादी आहे बाप्पा! नागपूरच्या पोट्ट्या रोज गादीवर पळतात? महिनाभर पुरते हे मले."

आमच्या शर्यतीची वेळ झाली तेव्हा उके सर दुसऱ्या एका खेळाडूच्या जन्मदाखल्याच्या घोळात कार्यालयाच्या खिडकीवर अडकले होते. आम्ही दोघी मंडपात बसलो होतो. डिली बाटली घेऊन उठली. पाण्याचा नळ प्रेक्षकांच्या पायऱ्यांमागं होता. जाताना म्हणाली, "नाव पुकारलं त आवाज देजो."

"हो," मी म्हणाले.

थोड्याच वेळात माइकवरून नावं सुरू झाली. माझं नाव आलं, प्रणाली लंजे, गोंदिया. नंतर माइकवरचा माणूस अडखळला. "दिल... दिलीपेश्वर... दिलीप राहंगळे, गोंदिया." आमच्याकडे घरटी एक डिलेश्वरी असते, पण नागपूरच्या जिभेला ते नाव नवीन होतं. मला हसू आलं. मग ते हसू तसंच राहिलं आणि त्यामागून दुसरंच काहीतरी वर आलं.

नळ तिथून साठ-सत्तर पावलांवर असेल. मी पळणारी मुलगी. मला दहा सेकंद लागले असते.

मी हजेरीच्या टेबलापाशी गेले. तिथल्या मॅडमनी छातीला लावायचा नंबर दिला आणि विचारलं, "गोंदियाची दुसरी मुलगी कुठे आहे?"

मी म्हणाले, "माहीत नाही."

हे मी शुद्ध मराठीत म्हणाले. आमच्या बोलीत ते माझ्या तोंडून निघालं नसतं.

त्यांनी पुन्हा एकदा पुकारा करायला लावला. माइकवरच्या माणसानं पुन्हा एका दिलीपला हाक मारली. मॅडमनी तिच्या नावावर रेघ मारली, आणि आम्हाला ओळीत उभं केलं.

शर्यतीचं मला फारसं आठवत नाही. एवढं आठवतं, की माझ्या डाव्या बाजूला रोज ऐकू येणारा तिचा श्वास नव्हता आणि त्यामुळं मला माझा वेग कळत नव्हता. शेवटच्या फेरीला मी चौथी होते. वळणावर जाळीपलीकडून ओळखीचा आवाज आला. "पळ वं प्रणाली! हात हालव, हात! ते निळीवाली दमली, धर तिले!" डिली जाळीला दोन्ही हातांनी लटकून ओरडत होती. पाण्याची बाटली पायाशी पडली होती. तिला आत सोडलं नव्हतं.

मी निळीवालीला धरलं. आणखी एकीला धरलं. दुसरी आले. पहिली आलेली मुलगी आधीच वसतिगृहातली होती, म्हणून त्यांनी माझं नाव लिहून घेतलं.

मी बाहेर आले तेव्हा डिली माझ्यासमोर उभी राहिली. माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मी वाट पाहत होते. आता ती म्हणेल, माहा जीव जरून राहिला, सहा महिने जरीन, वर्षभर जरीन. तिनं तसं म्हणावं असं मला फार वाटत होतं. ती म्हणाली, "चांगली पळली." बस्स. वर्ष-दीड वर्षात तिनं मला हे पहिल्यांदा म्हटलं होतं.

परतीच्या बसमध्ये उके सर साकोलीपर्यंत तिला बोलत राहिले. "पानी प्यायले आणलं होतं का तुले नागपूरले? घरी पानी नाई का तुह्या?" ती खाली मान घालून प्रत्येक वेळी एकच म्हणत होती. "चुकलं जी, सर."

मी खिडकीबाहेर बघत होते.

मी वसतिगृहात गेले. ती मला सोडायला आली नाही. मी काही वर्षं पळाले, थोडी पदकं मिळाली, मग पायाचं हाड दुखायला लागलं. पोलीस भरतीत लागले. आता गोंदियात नोकरी करते, क्वार्टरमध्ये राहते. डिलीनं गावाजवळच्या कॉलेजातून बीए केलं. दिवाळीला आमचं फोनवर दोन मिनिटं बोलणं व्हायचं. धान किती झालं, थंडी किती आहे. त्या दिवसाबद्दल अक्षरही नाही.

मागच्या हिवाळ्यात मी सुट्टीवर घरी गेले होते. आई म्हणाली, "डिली पोट्ट्यायले पळवते पाळीवर, भरतीसाठी. पाहून ये."

सकाळी गेले. धुकं तलावावर अजून बसलेलं होतं. पंधरा-वीस मुली पळत होत्या आणि डिली मध्ये उभी राहून ओरडत होती. गळ्यात शिट्टी होती, पण ती फुंकत नव्हती. तिच्या आवाजापुढं शिट्टीची गरजच नव्हती. "ए भुमेश्वरी, झोप लागली का तुले, आँ? म्हातारी माणसं पळून राहिली तुह्यापुढं!" मला पाहून तिनं हात वर केला आणि बोटानंच सांगितलं, थांब, होते आता.

मुली ताण द्यायला बसल्या. आम्ही दोघी पाळीच्या दगडांवर बसलो. मी इतकी वर्षं मनात शंभर प्रकारे रचलेलं वाक्य शेवटी कसंही बाहेर पडलं.

"डिली, नागपूरले मले माहीत होतं, तू नळावर होती ते."

ती बुटाची लेस सोडत होती. सोडतच राहिली. "मले बी माहीत होतं."

"कधीपासून?"

"तेव्हाच. मी धावत आली त टेबलावरची मॅडम म्हणे, तुझ्या मैत्रिणीला विचारलं, तिला माहीत नव्हतं." तिनं मॅडमचा आवाज अगदी हुबेहूब काढला. "मंग तू पळताना दिसली."

"अन् तू ओरडून राहिली होती. मले हुरूप देऊन राहिली होती."

"मंग काय करू? तू चौथी होती ना वं."

 तिनं दुसऱ्या बुटाची लेस धरली. "सराले सांगितलं असतं त तुहं नाव काटलं असतं त्यायनं. अन् माहं काही परत लिहिलं नसतं. घरी येऊन रडली मी. म्हशीच्या गोठ्यात. पंधरा दिवस. बाबूजीले वाटलं, पोट दुखून राहिलं." मग माझ्याकडे सरळ पाहून म्हणाली, "वाईट केलं तू. मले पळाचं होतं त्या गादीवर."

"हो," मी म्हणाले. 

तिनं एक खडा पाण्यात टाकला. मग म्हणाली, "एक सांगू? हासजो नको."

"नाई हासत."

"रडून झाल्यावर ना, मले थोडंसं चांगलं वाटलं."

"चांगलं?"

"थोडंसं," ती घाईनं म्हणाली. "पाह्य, घरी चार बहिनी, मी पाचवी. ते बूट सोडले त माह्यापाशी जे येये ते आधी चौघींनी वापरलेलं राहे. शाळेत पोट्ट्या मले पाहून डबे लपवत. मले वाटे, साऱ्या दुनियेपाशी काही ना काही आहे, माह्यापाशीच जरन्यासारखं काही नाई. कोनी जरलंच नाई ना कधी माह्यावर. अन् तू त एवढी गुनाची पोट्टी. सर बी म्हणत, प्रणाली पाहा कशी आहे. ते प्रणाली माह्यासाठी खोटं बोलली. तवा मी गोठ्यात बसून विचार केला, म्हटलं, काहीतरी असन बाप्पा आपल्यापाशी."

समोर मुलींचा ताण देऊन झाला होता. घरी कुणी निघत नव्हतं. काही जणी कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या, अगदी डिली उभी राहते तशा. त्यांच्यात एकदोघींना माझी नोकरी ठाऊक असणार, पण माझ्याकडे कुणी पाहत नव्हतं. त्या सगळ्या तिच्या तोंडाकडे पाहत होत्या.

"अन् आता?" तिनं विचारलं. नजर बुटावरच. "आता बी जरते का?"

मी आयुष्यात हे कुणाला कधी तोंडानं सांगितलं नव्हतं. 

"हो."

"कायले?" ती झटकन म्हणाली.

"या पोट्ट्या पाह्य ना, कशा पाहून राहिल्या तुह्याकडे. माह्या तोंडाकडे असं कोनी पाहत नाई."

तिनं मुलींकडे पाहिलं. मग मान वळवली, तलावाकडे तोंड केलं आणि नाक ओढलं. तिचे कान लाल झाले होते. मग एकदम उभी राहून मुलींवर ओरडली, "काय पाहून राहिल्या? तमाशा आहे का अथी? जा घरी! शाळा नाई का तुमाले?"

मुली हसत हसत सायकलींकडे निघाल्या. डिली खाली बसली, माझ्या जवळ सरकली आणि गुडघ्यांभोवती हात बांधले.

"अजून सांग," म्हणाली. "आरामात सांग. मले घाई नाई."